गोळी जुळली म्हणजे नेमकं काय जुळलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा इअरफोन आज घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना झालेली थोडी अडखळ काढून टाकली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. त्याने लिहिलं होतं, "दादा, सिरियलमध्ये दोन गोळ्यांचे फोटो स्क्रीनवर सरकत येतात, एकमेकांवर बसतात आणि हिरव्या अक्षरांत 'मॅच' असं येतं. खरंच असं होतं का?"

थोडक्यात उत्तर देतो. फोटो सरकतात हे खरं आहे. 'मॅच' ही हिरवी अक्षरं मात्र दिग्दर्शकाची. कॉम्प्युटर फार तर एक आकडा देतो. तो आकडा कुठून येतो आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण त्या आकड्यावर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आधी मी तुम्हाला शंभर वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगतो, मग मुद्द्यावर येऊ.

नऊ ओरखड्यांची गोष्ट

साल १९१५. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला एक ग्रामीण भाग. चार्ल्स फेल्प्स नावाचा म्हातारा शेतकरी आणि त्याचं घर सांभाळणारी मार्गारेट वोल्कॉट, दोघांचा गोळ्या घालून खून झाला. संशय आला चार्ल्स स्टिलो नावाच्या शेतमजुरावर. हा माणूस समोरच राहायचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्याकडे पॉइंट टू-टूचं एक रिव्हॉल्व्हर होतं आणि खुनातल्या गोळ्याही त्याच मापाच्या होत्या.

सरकारी पक्षाने अल्बर्ट हॅमिल्टन नावाचा 'तज्ज्ञ' उभा केला. हा स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा, प्रत्यक्षात डॉक्टर नव्हता. त्याने कोर्टात सांगितलं, की रिव्हॉल्व्हरच्या नळीत नऊ खुणा आहेत आणि त्यांचे नऊ ओरखडे खुनातल्या गोळ्यांवर उमटलेत. फोटोत ते ओरखडे कुणालाच धड दिसेनात. तरीही ज्युरीने त्याचं ऐकलं आणि स्टिलोला विद्युतखुर्चीची, म्हणजे मृत्यूची शिक्षा झाली.

शिक्षा पुढे ढकलली गेली आणि प्रकरणाची नव्याने चौकशी झाली. त्या चौकशीत कुणीतरी पहिल्यांदाच साधी गोष्ट केली. स्टिलोच्या रिव्हॉल्व्हरमधून नव्या गोळ्या झाडल्या आणि बाउश अँड लोम्ब या भिंगं बनवणाऱ्या कंपनीतल्या मॅक्स पोझर या तज्ज्ञाने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. नऊ ओरखडे कुठेच नव्हते. उलट खुनातल्या गोळ्यांवरचे पट्टे आणि या रिव्हॉल्व्हरचे पट्टे मुळातच वेगळे निघाले. १९१८ मध्ये स्टिलो सुटला.

हॅमिल्टनने डोळ्यांनी पाहिलं आणि 'जुळतंय' म्हणाला. 'किती जुळतंय? आणि दुसऱ्या बंदुकीच्या गोळीशी किती जुळलं असतं?' हे त्याला कुणी विचारलं नाही. आजचं सगळं इमेज ॲनालिसिस या दोन प्रश्नांसाठी आहे.

गोळीवर खूण पडते कशी?

पिस्तुलाच्या नळीच्या आतल्या बाजूला मळसूत्रासारखे पीळ दिलेले चर असतात. याला रायफलिंग म्हणतात. चर आणि त्यांच्यामधले उंचवटे मिळून गोळीला स्वतःभोवती फिरवतात, त्यामुळे ती हवेत डगमगत नाही, सरळ जाते. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो ना, तसंच.

गोळी नळीत अगदी घट्ट बसते. त्यामुळे पुढे जाताना ते उंचवटे तिच्या अंगात रुततात आणि तिरपे पट्टे उमटतात. पट्टे किती आहेत, किती रुंद आहेत, पीळ डावीकडे आहे की उजवीकडे, हे बंदुकीच्या मॉडेलवर ठरतं. म्हणजे त्या मॉडेलच्या हजारो पिस्तुलांत ते सारखंच असणार. पट्टे जुळले नाहीत तर बंदूक सरळ यादीतून बाद करता येते. पण ते जुळले म्हणून हीच ती बंदूक, असं म्हणता येत नाही. पांढऱ्या रंगाची स्कूटर होती एवढ्यावरून कुणाची स्कूटर ते कळतं का? तसंच हे.

खरी मजा त्या पट्ट्यांच्या आत आहे. कारखान्यात नळी कापणारं हत्यार झिजत जातं, त्याच्या धारेवर बारीक दाते पडतात, धातूचा कीस मध्ये अडकतो. पुढे वापरातही नळी झिजते, गंजते. या सगळ्याचे काही मायक्रॉनचे ओरखडे गोळीवर येतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. बंदूक ओळखायची ती या रेघोट्यांवरून.

साबण, सुरी आणि मोबाइलचा टॉर्च

एक प्रयोग सांगतो, घरी करून बघा. अंघोळीच्या साबणाची नवी वडी घ्या. स्वयंपाकघरातली सगळ्यात जुनी, धारेला खाचा पडलेली सुरी घ्या. सुरी वडीवर उभी धरून एक-दोन सेंटिमीटर खरवडत ओढा. जपून बरं का! बारीक रेघा उमटतील. शेजारी त्याच सुरीच्या त्याच भागाने पुन्हा ओढा. रेघांचा क्रम तोच येईल. आता दुसऱ्या सुरीने ओढा. क्रम बदलेल.

आता दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा, वडीच्या पातळीवर धरा. उजेड रेघांना आडवा पडला तर रेघा ठसठशीत दिसतात. तोच टॉर्च फिरवून रेघांच्या दिशेने धरलात, की बऱ्याचशा रेघा गायब! वडी तीच, कॅमेरा तोच, फक्त उजेड फिरला आणि फोटो बदलला.

फोटोवर विसंबण्यातली अडचण ही आहे. फोटोत ओरखड्याची खोली नसते, त्याची सावली असते.

दोन गोळ्या, एकच नजर

१९२५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅल्व्हिन गोडार्ड, चार्ल्स वेट, फिलिप ग्रॅव्हेल आणि जॉन फिशर या मंडळींनी बंदुकांच्या तपासणीचं एक केंद्र सुरू केलं. यातला वेट हा स्टिलोच्या फेरचौकशीत काम केलेला माणूस. ग्रॅव्हेलने या कामासाठी तुलना करणारा सूक्ष्मदर्शक वापरात आणला. दोन सूक्ष्मदर्शक एका पुलाने जोडलेले. डाव्या अर्ध्यात एक गोळी, उजव्या अर्ध्यात दुसरी, मध्ये रेघ. संशयिताच्या पिस्तुलातून पाण्याच्या टाकीत गोळी झाडायची म्हणजे ती चेपत नाही, मग ती एका बाजूला ठेवायची आणि गुन्ह्यातली दुसऱ्या बाजूला. फिरवत राहायचं, जोवर दोन्हीकडच्या रेघा एकमेकींत मिसळत नाहीत.

१९२९ मध्ये शिकागोत सेंट व्हॅलेंटाइन डेला सात जणांना भिंतीला उभं करून मारलं गेलं. त्या प्रकरणातल्या टॉमी गन गोडार्डने याच पद्धतीने ओळखल्या. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत, आपल्या मुंबईच्या कालिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणीही, तज्ज्ञांच्या कामाचा पाया हाच आहे.

पण 'रेघा मिसळल्या' म्हणजे किती मिसळल्या? १९५९ मध्ये अल्फ्रेड बियासोट्टी नावाच्या तज्ज्ञाने त्या चक्क मोजल्या. त्याला दिसलं, की वेगवेगळ्या बंदुकांच्या गोळ्यांवरही साधारण १५ ते २० टक्के रेघा योगायोगाने जुळतात! म्हणजे 'नऊ ओरखडे जुळले' याला तसा काही अर्थ नाही. सलग किती रेघा जुळतात, याला अर्थ आहे. दोन गाण्यांत अधूनमधून एखादा सूर सारखा असतोच, पण अख्खी ओळच त्याच चालीत आली की आपले कान टवकारतात. तसंच.

कॉम्प्युटर काय करतो?

१९९० च्या दशकात कॅनडातल्या एका कंपनीची आयबिस नावाची यंत्रणा आली. गोळ्यांच्या आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या प्रतिमा साठवायच्या आणि नवी प्रतिमा आली की साठ्यातल्या सगळ्यांत जवळच्या शोधायच्या. अमेरिकेत १९९९ पासून याच तंत्रावर देशभरचं जाळं उभं राहिलं. पण नीट लक्षात घ्या, ही यंत्रणा निकाल देत नाही, यादी देते. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर. गुगलवर शोधल्यासारखं. मग माणूस सूक्ष्मदर्शकाशी बसतो आणि ठरवतो.

त्यापुढचं पाऊल म्हणजे फोटो सोडून थेट उंची-खोली मोजणं. खास सूक्ष्मदर्शक गोळीच्या पृष्ठभागाचा नकाशा बनवतो. डोंगर-दऱ्यांचा नकाशा असतो तसा, फक्त मायक्रॉनच्या मापात. उजेड कुठून पडला याचा प्रश्न बराचसा मिटतो.

या नकाशावर कसं काम करायचं, हे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या एरिक हेअर, हाइके हॉफमन आणि अलिसिया कॅरिकिरी या संख्याशास्त्रज्ञांनी उघडपणे मांडलं. त्यांची पद्धत मी साध्या भाषेत सांगतो.

पहिलं, गोळीवरच्या एका पट्ट्याच्या नकाशावर आडवा छेद घ्यायचा. केकचा तुकडा कापला की आतले थर दिसतात, तसं. आपल्याला एक वाकडीतिकडी रेघ मिळते.

दुसरं, ही रेघ कमानीसारखी दिसते, कारण गोळीच गोल आहे. दोन्ही कडांना चर सुरू होतो, तिथे ती एकदम उडी मारते. कडा कापून टाकायच्या आणि गोलाई वजा करायची. उरते ती फक्त ओरखड्यांची वर-खाली रेघ. दिसायला थेट ईसीजीसारखी. तिला त्या पट्ट्याची 'सही' म्हणतात.

या पायरीवर मी वाचताना थांबलो होतो. कारण कडा कुठे कापायची यात चूक झाली, तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. कॉम्प्युटर तिथे तक्रार करत नाही, तो मुकाट्याने चुकीचा आकडा देतो.

तिसरं, दोन गोळ्यांच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून सरकवायच्या. सिरियलमध्ये दाखवतात ते हे. प्रत्येक जागी दोन्ही किती एकसारख्या वर-खाली होतात ते मोजायचं. अगदी तंतोतंत असेल तर १, काहीच संबंध नसेल तर शून्याच्या आसपास. सगळ्यात जास्त आकडा जिथे येतो, तिथे थांबायचं.

चौथं, फक्त त्या एका आकड्यावर भागत नाही. सलग किती शिखरं जुळली, किती जुळली नाहीत, दोन रेघांमध्ये सरासरी अंतर किती, असे बरेच आकडे काढायचे आणि ते रँडम फॉरेस्ट नावाच्या पद्धतीला द्यायचे. यात शेकडो छोटे छोटे निर्णयवृक्ष असतात. प्रत्येक जण 'एकाच नळीतली' किंवा 'वेगळ्या नळीतली' असं मत देतो. मतांचं प्रमाण म्हणजे स्कोअर, ० ते १ मध्ये.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. समजा नळीत सहा उंचवटे आहेत, म्हणजे प्रत्येक गोळीवर सहा पट्टे. पहिल्या गोळीचे सहा आणि दुसरीचे सहा, एकूण ३६ तुलना. गोळ्या एकाच नळीतल्या असतील तर सहाच तुलनांत मोठा आकडा यायला हवा, आणि तेही क्रमाने. पहिल्याचा तिसऱ्याशी जुळला, तर दुसऱ्याचा चौथ्याशी, तिसऱ्याचा पाचव्याशी. सहा मित्र गोल बसलेत आणि सगळे एकाच वेळी दोन जागा सरकलेत, असं समजा. एखादा पट्टा योगायोगाने जुळेल. सहाच्या सहा त्याच क्रमाने जुळणं फार अवघड आहे.

'जोड्या लावा' आणि खरी परीक्षा

या संशोधनात वापरलेल्या गोळ्या एका गाजलेल्या संचातल्या आहेत. रुगर पी-८५ पिस्तुलाच्या, कारखान्यात एकापाठोपाठ एक बनवलेल्या दहा नळ्या. एकाच हत्याराने लागोपाठ कापलेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. प्रत्येक नळीतल्या दोन गोळ्या ओळख सांगून द्यायच्या आणि १५ गोळ्या ओळख न सांगता. हा संच जगभरच्या शेकडो तज्ज्ञांनी सोडवला आणि जवळपास सगळी उत्तरं बरोबर आली. मग झालं की काम!

थांबा. शाळेतला 'जोड्या लावा' प्रश्न आठवतोय? चार येत असतील तर पाचवी आपोआप लागते. इथेही तेच होतं. प्रत्येक अनोळखी गोळीची जोडी त्या दहांत आहेच, हे कळलं की सगळ्यात जवळची निवडायची, बस्स. पण खऱ्या गुन्ह्यात बंदूक आपल्यासमोर असेलच असं नाही. 'यातली कुठलीच नाही' हे उत्तर तिथे सगळ्यात महत्त्वाचं असतं. स्टिलोच्या बाबतीत तेच उत्तर बरोबर होतं.

२०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते तोवर नीट आखलेला असा एकच अभ्यास झाला होता. तो पुंगळ्यांचा होता, गोळ्यांचा नव्हता. त्यात २१८ तज्ज्ञ होते. वेगवेगळ्या पिस्तुलांच्या जोड्या २,१७८ वेळा तपासल्या गेल्या. २२ वेळा तज्ज्ञ म्हणाले, 'एकाच पिस्तुलातल्या', आणि ते चूक होतं. ७३५ वेळा ते म्हणाले, 'सांगता येत नाही.' ही 'सांगता येत नाही'वाली उत्तरं बाजूला ठेवली, तर साधारण ६६ मध्ये एक चूक. ती धरली तर ९९ मध्ये एक. बघा, एकच अभ्यास, आणि मोजायचं कसं यावर आकडा बदलतो. आणखी एक, त्या २२ पैकी २० चुका फक्त पाच तज्ज्ञांच्या होत्या. म्हणजे हे शास्त्र सगळ्यांच्या हातात सारखंच चालतं असं नाही.

नंतर एफबीआयच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळ्याही होत्या. तिथे चुकीचं 'जुळलं' एक टक्क्याच्या आत आलं. पण 'सांगता येत नाही' उत्तरांचं काय करायचं, हा वाद तिथेही आहेच.

मग कॉम्प्युटर माणसापेक्षा चांगला का? माझं उत्तर असं, की तो चुकत नाही म्हणून नाही. त्याची चूक मोजता येते म्हणून. तोच नकाशा दिला तर तो आज आणि उद्या तोच स्कोअर देतो. पोलिसांना कुणावर संशय आहे, हे त्याला माहीत नसतं. हजारो वेगळ्या नळ्यांच्या गोळ्या त्याच्यासमोर ठेवून 'योगायोगाने इतका स्कोअर किती वेळा येतो?' हे तपासता येतं. हॅमिल्टनच्या डोळ्यांना हे कुणी विचारू शकलं असतं का?

आपल्याकडचा कट्टा

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आपल्याकडे काय? आपल्या बातम्यांत सारखा एक शब्द येतो, 'गावठी कट्टा'. यातले बरेचसे साध्या पाइपची नळी लावून बनवलेले असतात. आत रायफलिंगच नसतं. गोळी नळीत घट्ट बसत नाही, आपटत-घासत बाहेर पडते. एकाच कट्ट्यातून सुटलेल्या दोन गोळ्यांवरचे ओरखडे सारखे येतील याचा भरवसा नाही. सहा पट्टे, ३६ तुलना, ते क्रमाचं सुंदर गणित, सगळं इथे कोलमडतं. अशा वेळी तज्ज्ञ पुंगळीकडे वळतात, कारण तिच्यावर पिनने मारल्याची खूण असते. रुगर पिस्तुलावर तपासलेल्या सॉफ्टवेअरचा आकडा कट्ट्याला लावायचा, तर आधी कट्ट्यांवर अभ्यास व्हायला हवा.

शिवाय गोळी हाडावर आदळून चेपते, फाटते. कधी एकच पट्टा शाबूत राहतो. मधल्या काळात बंदुकीतून पुष्कळ गोळ्या झाडल्या गेल्या, नळी गंजली, तर सही बदलत जाते.

मग बातमी वाचताना?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'ही गोळी याच बंदुकीतली' असं ठाम, विनाअट विधान तज्ज्ञाने त्या खटल्यात करायला नको होतं. खुणा या बंदुकीशी सुसंगत आहेत, इथपर्यंत ठीक. आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्येही तज्ज्ञाचं बोलणं 'मत' म्हणूनच येतं. मताला कारणं विचारता येतात.

तेव्हा पुढच्या वेळी 'बॅलिस्टिक अहवाल जुळला' अशी बातमी दिसली, की लगेच फॉरवर्ड करू नका. नुसतं माप आणि पट्टे जुळले, की आतल्या रेघोट्या? दुसऱ्या तज्ज्ञाने, पहिल्याचं उत्तर माहीत नसताना, तपासलं का? आणि इतकं साम्य दुसऱ्या बंदुकीच्या गोळीशी किती वेळा येतं, हे कुणी मोजलंय का?

आरोपीच्या वकिलाला हे प्रश्न पडायला हवेत, तसे सरकारी वकिलालाही. कारण चुकीची गोळी जुळवली, तर एक निरपराध माणूस आत जातो आणि ज्याने खरंच गोळी झाडली तो बाहेरच राहतो. फेल्प्स आणि वोल्कॉट यांच्या घरच्यांनाही त्या नऊ ओरखड्यांनी न्याय दिला नव्हताच.

साबणाचा प्रयोग केलात तर दोन्ही बाजूंनी टॉर्च मारलेले फोटो मला नक्की पाठवा. आणि ती सुरी धुऊन जागेवर ठेवा, नाहीतर घरचे माझ्यावर चिडतील.

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.